एका खोलीत तेरा माणसे

पूर चढू लागला की गावात सगळ्यांत आधी उघडते ती जिल्हा परिषदेची शाळा. मुख्याध्यापक किल्ली घेऊन धावतात, तलाठी आणि ग्रामसेवक यादी करायला बसतात, पोलीस पाटील वाडीवस्तीवरून माणसे गोळा करून आणतात आणि दोन-तीन तासांत दोन-तीनशे जीव त्या इमारतीत दाखल होतात. तेव्हापासून पुढचे आठ-दहा दिवस या लोकांचे पाणी, जेवण, झोप, शौच, औषध आणि अब्रू हे सारे त्या तीन-चार जणांच्या निर्णयांवर अवलंबून असते. ही मंडळी जिवाचे रान करतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठी आणि २०२१च्या जुलैत चिपळूण-महाड परिसरात महाराष्ट्राने ते पाहिले आहे. प्रश्न त्यांच्या तळमळीचा नाही. एका खोलीत किती माणसे झोपवावीत, किती माणसांमागे एक संडास हवा, तान्ह्या मुलाच्या आईला काय द्यावे आणि काय देऊ नये, हे त्यांना कुणी शिकवले आहे का? गावपातळीपर्यंत पोचलेली, दरवर्षी न चुकता होणारी अशी शिकवणूक आपल्याकडे नाही, आणि ती असली पाहिजे, एवढेच सांगण्यासाठी हे स्फुट.

उत्तरे नसती तर गोष्ट वेगळी होती. उत्तरे लिहून ठेवलेली आहेत. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५चा. त्याच्या कलम १२ ने राष्ट्रीय प्राधिकरणावर मदतीचे किमान निकष ठरवण्याची जबाबदारी टाकली: छावणीतला निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, औषधोपचार, स्वच्छता, शिवाय विधवा आणि अनाथ मुलांसाठी विशेष तरतुदी. कलम १९ प्रमाणे राज्याने स्वतःचे निकष आखायचे, मात्र ते राष्ट्रीय निकषांपेक्षा खाली जाता कामा नयेत. कायदा झाल्यावर ही मार्गदर्शक तत्त्वे यायला २०१६ साल उजाडले. त्यांत म्हटले आहे की छावणीत माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा हवी. मोठ्या माणसाला दिवसाला २,४०० कॅलरी मिळतील एवढे अन्न हवे. ३० माणसांमागे एक संडास हवा, तो छावणीपासून ५० मीटरच्या आत हवा, स्त्रियांसाठी वेगळा हवा. अंघोळ आणि शौचासाठी माणशी १५ लिटर पाणी हवे.

आता हा हिशेब शाळेला लावून पाहावा. वीस फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब वर्गखोली म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. तीत बसतात तेरा माणसे. तीनशे लोक आले तर अशा चोवीस खोल्या लागतील, आणि गावची शाळा असते पाच-सात खोल्यांची. म्हणजे पाऊस सुरू होण्याआधीच हे स्पष्ट व्हायला हवे की या गावाला एक शाळा पुरणार नाही. मंगल कार्यालय, सोसायटीचे गोदाम, उंचावरचे देऊळ, शेजारच्या गावची हायस्कूलची इमारत यांपैकी काय काय लागेल ते आधी ठरवून, मोजून, मालकांशी बोलून ठेवायला हवे. संडास लागतील दहा. वापराचे पाणी लागेल दिवसाला साडेचार हजार लिटर, पिण्याचे आणि स्वयंपाकाचे त्याहून निराळे. हे गणित पाचवीच्या मुलाला येते. मात्र ते मे महिन्यात करायचे असते. रात्री दोन वाजता, गुडघाभर पाण्यातून आलेली माणसे दारात उभी असताना ते कुणालाच जमणार नाही, आणि जमावे अशी अपेक्षाही अन्यायाची आहे.

हे निकष जगाने मोठी किंमत मोजून मिळवले आहेत. १९९४च्या जुलैत, रवांडातल्या वंशसंहारानंतर, काही दिवसांच्या अवधीत पाच ते आठ लाख माणसे सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमधल्या गोमा शहराभोवती येऊन पडली. जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्याची, कुदळ लागू न देणारी. संडासाचे खड्डे खणता येईनात, मृतांना पुरणेही कठीण. पाणी किवू सरोवराचे, जसे मिळेल तसे. पहिल्या महिन्यात सुमारे ५० हजार माणसे मेली; बहुतेक पटकीने आणि हगवणीने. जगभरातून संस्था आल्या होत्या, विमाने भरून औषधे आली होती, डॉक्टर आले होते. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्राचे पथकही तिथे गेले होते. इतक्या उपचार केंद्रांना हे मृत्यू का थांबवता आले नाहीत, याचा शोध घेऊन त्या पथकाने १९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये जे मांडले, ते मदतकार्यात पडणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. रुग्णांच्या शरीरात पाणी भरून काढण्याचा वेग कमी पडला, तोंडावाटे क्षार-पाणी पुरेसे दिले गेले नाही, शिरेतून चुकीची सलाईन दिली गेली, आणि उपचार करणाऱ्यांना पटकीचा अनुभव अपुरा होता. औषध होते, माणसे होती. माणसांना शिकवलेले नव्हते.

आणि हे ज्ञान त्या वेळी नवे होते का? मुळीच नाही. त्याच्या तेवीस वर्षे आधी, १९७१ साली, बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावला निर्वासितांत पटकी पसरली. रुग्णालयाच्या फरशीवर रुग्ण ओळीने पडलेले आणि सलाईनचा साठा संपत आलेला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज ठरल्या प्रमाणात पाण्यात मिसळून पिंपे भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांना ते पाणी कसे, किती, केव्हा पाजायचे हे शिकवले. आईने मुलाला पाजले, भावाने भावाला. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. घरची अडाणी समजली जाणारी माणसे नीट शिकवल्यावर जे करू शकली, ते गोम्यात पदवीधरांना साधले नाही. २०२३ साली महालनबीसांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले गेले. त्यांच्या कामाचे खरे मोल मला त्या क्षार-पाण्याइतकेच त्या शिकवण्यात दिसते.

गोम्यानंतर मदत संस्था स्वतःकडे वळून पाहू लागल्या. अनेक देशांनी मिळून केलेला रवांडाच्या मदतकार्याचा आढावा १९९६ साली प्रसिद्ध झाला. १९९७ मध्ये स्वयंसेवी संस्था आणि रेडक्रॉस-रेडक्रेसेंट चळवळीने एकत्र येऊन ‘स्फिअर’ प्रकल्प सुरू केला. २००० साली त्याच्या मार्गदर्शक पुस्तकाची पहिली पक्की आवृत्ती निघाली, मग २००४, २०११ आणि २०१८. पाणी व स्वच्छता, अन्न व पोषण, निवारा, आरोग्य अशी त्याची चार तांत्रिक प्रकरणे आहेत. पण त्यांच्याही आधी एक सनद आहे, आणि तिचे म्हणणे असे की आपत्तीत सापडलेल्या माणसाला सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, आणि म्हणून मदत मिळण्याचाही हक्क आहे. आपल्याकडच्या २०१६च्या निकषांतले साडेतीन चौरस मीटर, ५० मीटर, १५ लिटर हे आकडे त्या पुस्तकातल्या आकड्यांशी जुळणारे आहेत. काही ठिकाणी आपण सैल आहोत. स्फिअरमध्ये संडास २० माणसांमागे एक, आपल्याकडे ३० मागे.

‘किमान’ या कल्पनेला आपल्या भूमीत एक वेगळा आणि कडवट इतिहास आहे, तो विसरून चालणार नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपलला पाहणीसाठी धाडले. सरकारी खर्च आटोक्यात ठेवायचा होता. दुष्काळी कामावर राबणाऱ्या धडधाकट मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर जेमतेम काही पैसे पुरतात का, हे पाहू, असे टेंपलने ठरवले. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी तेव्हाच विरोध केला: कष्ट करणाऱ्या माणसाला दीड पौंड धान्य, शिवाय डाळ आणि भाजी हवी. मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी ही कपात झुगारून कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने, सार्वजनिक काकांच्या आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या सभेने, गावोगावची माहिती जमवून सरकारला पत्रांमागून पत्रे लिहिली. माणसाला जगायला किती लागते हे खर्चाकडे पाहून ठरवायचे की माणसाकडे पाहून, हा वाद मराठी माणसांनी त्या काळात, हाती सत्ता नसताना, लढवला आहे. पुढे दुष्काळ आयोग नेमला गेला आणि दुष्काळ संहिता आल्या, त्यामागे या लढ्याचाही वाटा होता. कुणी अधिकारी आज ‘छावणीत आहेत ना, मग एवढे तरी मिळते आहे’ असे म्हणू लागला, तर तो त्या वादात कुठल्या बाजूला उभा आहे हे त्याने तपासावे.

निकष शिकवायचे म्हणजे आकडे पाठ करून घ्यायचे असे मात्र नाही. आकड्यामागचे कारण कळले तरच तो वापरता येतो. स्फिअरमध्ये एका नळामागे २५० माणसे असे म्हटले आहे. का? मिनिटाला साडेसात लिटर पाणी देणारा नळ आठ तास चालला तर ३,६०० लिटर मिळतात, माणशी जवळपास १५ लिटर. ज्याला हे कळले त्याच्या लगेच लक्षात येईल की वीज चारच तास असेल तर २५० चा आकडा निम्म्यावर आला. ज्याला नुसता आकडा सांगितला तो नळ मोजेल, अहवालात लिहील आणि निघून जाईल. बायका मात्र हंडे घेऊन रांगेत उभ्याच राहतील. रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त उभे राहावे लागू नये, असेही तिथे म्हटले आहे, आणि ते फार महत्त्वाचे आहे, कारण थकलेले माणूस रांग सोडून जवळच्या गढूळ पाण्याकडे वळते.

संडासाचेही तसेच. सामायिक ठिकाणी पुरुषांच्या एकामागे स्त्रियांचे तीन असावेत, असे स्फिअर सुचवते. पहिल्यांदा ऐकणाऱ्या पुरुषांना ते पटत नाही. स्त्रीला वेळ जास्त लागतो, तिच्याबरोबर लहान मूल असते, पाळी असते, हे सांगितले की पटते. दाराला आतून कडी आणि रात्री दिवा नसेल तर स्त्रिया अंधार पडल्यावर पाणी पिणे सोडतात. पाळीसाठी पॅड द्यायचे की सुती कापड, ते टाकायचे कुठे, धुवायचे कुठे, हे त्या गावच्या स्त्रियांना विचारायचे असते, आणि तेही स्त्रीनेच. मदत वाटपाच्या टेबलामागे चार पुरुष बसलेले असतील तर कुणी बाई हे बोलणार नाही.

सद्भावनेनेच जीव जाऊ शकतो, याचे सगळ्यांत मोठे उदाहरण दुधाच्या पावडरीचे आहे. पूर आला की शहरांतून मायेपोटी तान्ह्या मुलांसाठी डबे आणि बाटल्या पाठवल्या जातात. ज्या ठिकाणी पाणी दूषित आहे आणि बाटली उकळायची सोय नाही, तिथे ती बाटली बाळाला आजारी पाडते, आणि दरम्यान आईचे दूध आटते. इंडोनेशियात २००६च्या योग्यकार्ता भूकंपानंतर केलेल्या अभ्यासात, मदत म्हणून आलेली पावडर मिळालेल्या लहान मुलांत जुलाबाचे प्रमाण न मिळालेल्यांच्या दुपटीहून जास्त आढळले. भारतात तर बालदुग्धपर्यायांच्या वाटपावर १९९२च्या कायद्याने निर्बंध आहेत. आईला निवांत, आडोशाची जागा द्या, तिला पोटभर खायला आणि भरपूर प्यायला द्या. बाळ उपाशी राहणार नाही. ज्या बाळाला आई नाही त्याच्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने वेगळी व्यवस्था करा. गावची आशा आणि अंगणवाडी सेविका हे जाणतात. छावणीच्या दारात त्यांना ‘हे डबे वाटू नका’ असे म्हणायचा अधिकार मात्र कुणी दिलेला नसतो.

कपड्यांचेही असेच झाले आहे. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. मच्छीमार समाजाच्या स्वाभिमानी माणसांनी ते उचलले नाहीत.

गुरांचा विषयही याच यादीतला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी उंबऱ्याला लागूनही अनेकांनी घर सोडले नाही, कारण गोठ्यात म्हैस होती. जनावरांना सोडून न निघणाऱ्या शेतकऱ्याला हट्टी म्हणणे सोपे आहे. जनावरांसाठी आपत्कालीन मदतीचे वेगळे आंतरराष्ट्रीय निकष २००९ पासून आहेत. त्यांचा पायाच हा आहे की पशुधन वाचले तर कुटुंब पुन्हा उभे राहते. ज्या गावात जनावरांची उंच जागा, चारा आणि पाणी आधी ठरलेले असेल, त्या गावातली माणसे वेळेत बाहेर पडतील, आणि बचाव पथकाला रात्रीच्या अंधारात होड्या घालाव्या लागणार नाहीत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. १९९४ मध्येच रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांनी आचारसंहिता तयार केली. आपद्ग्रस्तांना केविलवाणे दाखवू नये, प्रसिद्धीतही त्यांचा मान राखावा, असे तिचे दहावे कलम सांगते. आपल्याकडे मदतीच्या पिशव्यांवर नेत्यांचे फोटो छापले जातात आणि शिधा घेणाऱ्या म्हातारीला कॅमेऱ्याकडे पाहायला लावले जाते. हे थांबले पाहिजे. मदत ज्याचा हक्क आहे त्याला ती देताना उपकाराचा शिक्का मारणे हा त्या माणसाचा अपमान आहे, मग देणारा कुठल्याही पक्षाचा किंवा मंडळाचा असो.

मग शिकवायचे कुणाला? राष्ट्रीय प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना आहे. ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक, बारा दिवसांचे प्रशिक्षण. ती चांगली आहे आणि वाढली पाहिजे. तिचा भर स्वाभाविकच शोध, बचाव आणि प्रथमोपचार यांवर आहे. माणूस पाण्यातून बाहेर काढल्यावर पुढचे दहा दिवस, आणि कधीकधी वर्ष-दोन वर्षे, तो कसा राहतो हा दुसरा अर्धा भाग आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर माणसे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, दरड कोसळल्यावर इर्शाळवाडीची माणसे कंटेनरच्या घरांत राहिली. त्या अर्ध्या भागासाठी नदीकाठच्या आणि दरडीखालच्या प्रत्येक गावात सात-आठ जण तयार हवेत: मुख्याध्यापक, तलाठी, ग्रामसेवक, आशा, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या एक-दोन बायका आणि गणेश मंडळाची दोन पोरे. मंडळाच्या पोरांना मी मुद्दाम धरतो. ट्रॅक्टर, जनरेटर, भांडी आणि माणसे तासाभरात उभी करण्याची त्यांची ताकद कुठल्याही खात्यात नाही.

या प्रशिक्षणाला वातानुकूलित सभागृह नको, पडद्यावरचे तक्ते नकोत. ज्या शाळेत छावणी लागणार तिथेच दोन दिवस ते व्हावे. फरशीवर खडूने साडेतीन चौरस मीटरचा चौकोन आखावा आणि प्रत्येकाने आपले अंथरूण, पिशवी आणि एक मूल घेऊन त्यात झोपून पाहावे. बादली आणि घड्याळ घेऊन नळाचा वेग मोजावा. संडासापर्यंत रात्री, दिवे बंद करून चालत जावे. आशाताईंनी क्षार-पाणी करून दाखवावे, क्लोरीनची चाचणी प्रत्येकाने स्वतः करावी. एकाने छावणीप्रमुख व्हावे, दुसऱ्याने तक्रार घेऊन यावे, आणि तक्रार ऐकून घेणे किती अवघड असते ते सर्वांनी पाहावे. यशदासारखी सरकारी प्रशिक्षण संस्था आपल्याकडे आहे. तिने तालुक्याचे शिक्षक तयार करावेत, तालुक्याने गावाचे. दरवर्षी मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठका होतात, बोटींची आणि दोरांची यादी वाचली जाते. त्या यादीत प्रशिक्षित माणसांची नावे आणि प्रत्येक निवारा केंद्राची मोजमापे यावीत. जिल्हाधिकाऱ्यांनी ती मागावीत. खर्चाची सबब इथे चालणार नाही. शाळा आहे, माणसे आहेत, खडू आहे.

कुणी विचारील की गावातली गरीब माणसे एरवीही एका खोलीत सात-आठ राहतात, मग छावणीत एवढा आग्रह कशाला? कारण घरातले सात-आठ जण एकमेकांचे असतात, आणि छावणीत अनोळखी तीनशे माणसे एकत्र श्वास घेत असतात. तिथे एक गोवर आला की तो साऱ्या मुलांत जातो, एक पटकी आली की गोमा होतो. शिवाय घरातली दाटी दूर करणे हेही सरकारचे काम आहेच. एक अन्याय दुसऱ्या अन्यायाचे माप होऊ शकत नाही.

१ मे रोजी ग्रामसभा होते. आपले गाव पुराच्या किंवा दरडीच्या यादीत असेल तर वाचकांनी त्या सभेत तीन प्रश्न लेखी द्यावेत: आपल्या गावचे निवारा केंद्र कोणते, त्यात निकषाप्रमाणे किती माणसे मावतात, आणि ते चालवायला कोणाला शिकवले आहे? उत्तर मिळाले नाही तर प्रशिक्षणाचा ठराव तिथेच मांडून तहसीलदारांकडे पाठवावा. पावसाला त्यानंतर पाच-सहा आठवडेच उरतात.